उपासाचा मेसेज आणि रेशनची ज्वारी

श्रावण लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो. उपास केल्याने आतड्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) जाग्या होतात, आतडं आतून नवं होतं, पूर्वजांना हे ठाऊकच होतं आणि आता परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, असा त्याचा आशय. शेवटी नोबेलचा दाखला. कार्तिकी एकादशीला तोच मेसेज पुन्हा येतो, आणि मधल्या काळात त्याची भावंडं येत राहतात: सोळा तास उपाशी राहा, भात-भाकरी सोडा, नुसतं तूप-पनीर खा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण ज्या संशोधनाच्या नावावर हे चालतं ते नीट वाचलं, तर ते आपल्याला एकादशीच्या फराळापाशी सोडत नाही, रेशनच्या दुकानापर्यंत नेतं. सीमाभागातल्या माणसाने त्यातून काही मागायचं असेल तर ज्वारी, नाचणी आणि डाळ मागावी, आणि मिळेपर्यंत मागत राहावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी आतड्याबद्दल. लहान आतड्याचं आतलं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत बदलतं. जुन्या पेशी गळतात, नव्या त्यांची जागा घेतात, आणि हे जन्मभर चालतं. त्या अस्तरावर बारीक, उभे उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यावरून. दोन उंचवट्यांच्या मध्ये खोल खळगे असतात, ते क्रिप्ट. खळग्याच्या अगदी तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात. त्या विभागतात, त्यांची लेकरं वर सरकता सरकता कामाला लायक होतात, उंचवट्याच्या टोकाला पोचतात आणि गळून पडतात. खानापूरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल, कारण भाताचा तरवा असाच असतो: सगळ्या शिवाराचं पीक त्या एवढ्याशा वाफ्यातून उठतं, आणि वाफ्याला खत-पाणी कमी-जास्त झालं तर ते पुढे अख्ख्या रानात दिसतं.

या मूळपेशी नेमक्या कुठल्या, हे कळायला २००७ साल उजाडलं. नेदरलँडमधल्या उत्रेख्त शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी एलजीआर-५ नावाच्या खुणेवरून त्या ओळखल्या. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच मूळपेशी घेऊन तिच्यापासून बशीत आतड्याचा इवलासा नमुना वाढवून दाखवला. तेव्हापासून हा विषय झपाट्याने पुढे गेला. कुठल्या अन्नाने या पेशी वाढतात, कुठल्या अन्नाने मंदावतात, हे आता थेट तपासता येऊ लागलं.

यातलं बरंचसं काम अमेरिकेत ओमर यिल्माझ यांच्या गटाने केलं आहे. त्यांचा २०१२ चा शोध मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. उंदरांना काही आठवडे कमी कॅलरीचं अन्न दिलं, तेव्हा मूळपेशींची संख्या वाढली. पण अन्न कमी झाल्याची खबर आधी मूळपेशींना लागलीच नाही. ती लागली त्यांच्याशेजारी बसलेल्या पॅनेथ पेशींना. या शेजारणींमध्ये अन्नाचा अंदाज घेणारी एमटॉर नावाची यंत्रणा मंदावली, त्यांनी एक रासायनिक निरोप सोडला, आणि त्या निरोपामुळे मूळपेशी वाढल्या. म्हणजे मूळपेशी एकट्याने निर्णय घेत नाही. तिच्याभोवतीचा शेजार काय खातो, यावर तिचं वागणं ठरतं.

२०१६ मध्ये त्याच गटाने उलट बाजू दाखवली. उंदरांना नऊ ते चौदा महिने अतिचरबीचं खाणं दिलं. याही वेळी मूळपेशी वाढल्या. पण या वाढीचं लक्षण वेगळं होतं. त्या शेजाऱ्यांवर अवलंबून राहिनाशा झाल्या, आणि ज्या पेशींनी एव्हाना मूळपणा सोडून कामाला लागायचं, त्यांच्यातही मूळपेशीचे गुण उतरले. अशा पेशींमधून गाठी उठण्याची शक्यता वाढते. मूळपेशी वाढल्या म्हणजे चांगलंच झालं, हे मेसेजमधलं गृहीत इथेच कोसळतं. कमी खाण्यानेही त्या वाढतात, भलतं खाण्यानेही वाढतात, आणि दोन्हींचा अर्थ एक नाही.

आता उपासाकडे येऊ. २०१८ मध्ये मारिया मिहायलोव्हा आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चोवीस तास उपाशी ठेवलं. मूळपेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागल्या आणि त्यांची नवं अस्तर घडवण्याची ताकद वाढली, म्हाताऱ्या उंदरांमध्येसुद्धा. मेसेजचा उगम इथे आहे, आणि तो प्रयोग खराच आहे. पण उंदरासाठी चोवीस तास म्हणजे माणसाच्या एका एकादशीहून कितीतरी मोठा ताण असतो, तेवढ्या वेळात त्याचं वजन लक्षणीय घटतं. आणि गोष्ट तिथे संपत नाही. २०२४ मध्ये त्याच गटातून पुढचा प्रयोग आला. उपास सुटल्यावर काय होतं, ते त्यात पाहिलं. मूळपेशींच्या विभागणीचा खरा जोर उपासात दिसला नाही, तो उपास सोडून पुन्हा खाऊ लागल्यावर दिसला. त्या जोराच्या काळात मूळपेशीत कर्करोगाकडे नेणारा बदल घडवला, तर गाठी अधिक झाल्या. झीज भरून काढणारी आणि गाठ वाढवणारी शक्ती एकाच दारातून येते, एवढं सांगण्याचं धाडस त्या संशोधकांनी केलं. आपल्या मोबाइलवर मात्र २०१८ चा अर्धा भाग पोचला आणि २०२४ चा पोचलाच नाही.

नोबेलचं म्हणाल, तर २०१६ चं वैद्यकाचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी आपलेच टाकाऊ भाग कसे पचवते यावरच्या कामासाठी, आणि ते मूळ काम यीस्टवर झालेलं आहे. एकादशीला नोबेल मिळालेलं नाही. एकादशीला त्याची गरजही नाही. वारकऱ्याचा उपास विठ्ठलासाठी असतो. त्याला प्रयोगशाळेच्या टेकूवर उभं करणं हा त्या श्रद्धेचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप असा फराळ करून मूळपेशींचा हिशोब मांडण्यात तर काहीच अर्थ नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी असा मेसेज वाचून डॉक्टरांना न विचारता उपास सुरू करू नये, हे इथेच सांगून ठेवतो.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसाचं काय? इथे एक प्रयोग असा आहे की तो आपल्या भागात प्रत्येक सरपंचाला, प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असावा असं मला वाटतं. २०१५ मध्ये स्टीफन ओ'कीफ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली वीस माणसं आणि अमेरिकेतली आफ्रिकी वंशाची वीस माणसं घेतली आणि दोन आठवडे त्यांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना मक्याची लापशी, कडधान्यं, भाजीपाला असं खेड्याचं जेवण. त्यांच्या जेवणातला चोथा, म्हणजे न पचणारा तंतुमय भाग (फायबर), दिवसाला सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला. आफ्रिकेतल्यांना शहरी, चरबीदार जेवण. त्यांचा चोथा ६६ ग्रॅमवरून १२ वर उतरला. दोन आठवड्यांनी मोठ्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले. चोथा वाढलेल्यांमध्ये पेशींच्या बेसुमार विभागणीच्या खुणा कमी झाल्या होत्या, चोथा घटलेल्यांमध्ये त्या वाढल्या होत्या. पंधरवड्यात! औषध नाही, पावडर नाही, उपास नाही. बदललं ते रोजचं जेवण.

चोथा हे काम कसं करतो, यामागची यंत्रणाही बरीच उलगडली आहे. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपल्या गरजेची बहुतेक ऊर्जा त्यातून घेतात. पण २०१६ मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांना असं आढळलं की हेच ब्युटिरेट मूळपेशीला थेट लागलं तर तिची विभागणी मंदावते. मग आतडं चालतं कसं? वरच्या थरातल्या पेशी ब्युटिरेट खाऊन टाकतात, त्यामुळे खळग्याच्या तळापर्यंत ते फारसं पोचतच नाही. खळग्याची ती खोली मूळपेशीचं रक्षण करते. म्हणून ब्युटिरेटच्या गोळ्या विकणाऱ्यांपेक्षा चोथ्याचं साधं जेवण मला अधिक विश्वासाचं वाटतं. ते जेवण वरच्या पेशींना खाऊ घालतं आणि तळाशी असलेल्यांना त्यांच्या जागी सुरक्षित ठेवतं. शिवाय चोथा मिळाला नाही तर जिवाणू उपाशी राहत नाहीत. आतड्यावर जो बुळबुळीत संरक्षक थर असतो तो ते कुरतडू लागतात. हेही २०१६ च्याच एका उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं.

आता आपलं ताट पाहू. सीमाभागाचं ताट एकसारखं कधीच नव्हतं. खानापूरचा पश्चिम भाग, कणकुंबी-जांबोटीची रानं, तिथे भात आणि नाचणी. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भात काढल्यावर मसूर, वाटाणा, हरभरा. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. यल्लम्माच्या नैवेद्याला आंबील-घुगऱ्या. म्हणजे आंबवलेलं पीठ आणि शिजवलेलं अख्खं धान्य देवीसमोर ठेवणारा हा प्रदेश आहे. यात फक्त गोड आठवणी नाहीत. ही पिकं इथल्या पावसाने आणि मातीने ठरवलेली होती.

कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला. साखर कारखान्यांच्या बाबतीत बेळगाव जिल्हा कर्नाटकात आघाडीवर आहे. उसाला निदान बिल तरी येतं, शाळूला दर नाही आणि राखणही करावी लागते, असा शेतकऱ्याचा हिशोब आहे आणि त्यात चूक काढण्याचा मला अधिकार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूरला उसाच्या दरासाठी जे आंदोलन पेटलं, ते पाहिलं की इथल्या घराघराचं पोट उसाच्या बिलावर कसं बांधलं गेलंय हे कळतं. रानातून ज्वारी गेली की ताटातून जायला वेळ लागत नाही. तिची जागा कुणी घेतली? रेशनच्या तांदळाने.

२०१३ मध्ये कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली. तिने कितीतरी घरांतली भूक हटवली, आणि जो तिच्यावर सरसकट टीका करतो त्याने कधी रिकामा डबा पाहिलेला नसतो. २०२३ मध्ये सरकारने माणशी महिन्याला १० किलोचं वचन दिलं. जादा तांदूळ मिळेना तेव्हा त्यातल्या पाच किलोंऐवजी ३४ रुपये किलोप्रमाणे १७० रुपये खात्यावर जमा केले, पुढे २०२५ मध्ये पैशांच्या जागी पुन्हा तांदूळ आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जादा तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं इंदिरा किट देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. तूरडाळ आली याचं मी मनापासून स्वागत करतो. साखर मात्र, तीही या जिल्ह्यात, मला पटत नाही. २०२१ मध्ये फ्रुक्टोज जास्त दिलेल्या उंदरांच्या आतड्यातले उंचवटे लांबलेले आढळले, आणि त्यांच्याकडून चरबी अधिक शोषली जाऊ लागली. साखरेत निम्मं फ्रुक्टोजच असतं. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही हे खरं. पण सरकारी पिशवीत काय घालायचं हे ठरवताना साखरेला पहिल्या चारांत जागा का मिळावी?

हिशोब करून बघा. पाच किलो तांदूळ म्हणजे माणशी रोज साधारण १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात चोथा २.८१ ग्रॅम आणि ज्वारीत १०.२२ ग्रॅम. नाचणीत ११.१८. म्हणजे पाच किलो तांदळातून रोज जेमतेम पावणेपाच ग्रॅम चोथा मिळतो, तेवढ्याच ज्वारीतून सतरा. याच संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरीच्या आहारात ३० ग्रॅमच्या आसपास चोथा हवा. दहाही किलो तांदूळच खाल्ला तर कॅलरी निम्म्याहून जास्त भरतात आणि चोथा एक तृतीयांशही भरत नाही. पाच किलो तांदूळ, पाच किलो ज्वारी केली तर एकवीस-बावीस ग्रॅमपर्यंत जातो, वर डाळ-भाजी वेगळी. शंभर ग्रॅममागे लोह तांदळात ०.६५ मिलिग्रॅम आणि ज्वारीत ३.९५. ज्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६५.५ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तिथे हा फरक किरकोळ नाही.

ज्वारीत जादू आहे असं मी म्हणत नाही. चक्कीवर दळलेल्या कोंड्यासकट गव्हातही चोथा ज्वारीइतकाच असतो, तो मैद्यात उरत नाही एवढंच. ज्वारीतलं लोह आणि झिंक सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, कारण तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्यांना धरून ठेवतं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो. पण या दोन्ही उणिवांवरची उत्तरं इथल्याच चुलीवर आहेत. आंबवलं, मोड आणले की फायटेट कमी होतं. आंबील तेच करते. डाळीत लायसिन भरपूर, म्हणून भाकरीबरोबर झुणका, आमटी, मसुरीची उसळ. ही जोडी तोडून नुसती ज्वारी दिली तर निम्मंच काम होईल, आणि म्हणूनच माझी मागणी ज्वारीची एकटीची नाही, डाळीसकट आहे.

या मागणीला सगळ्यांत मोठा आक्षेप शहाण्यांकडून येत नाही, बायकांकडून येतो, आणि तो खरा आहे. निपाणीत दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला विचारा. तांदूळ कुकरला लावला की तीन शिट्ट्यांत सुटका. ज्वारी निवडायची, दळून आणायची, पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते, आणि सहा माणसांच्या भाकऱ्या आचेपुढे उभं राहून थापायच्या. “वेळ कुठनं काढायचा ओ?” हा तिचा प्रश्न टाळून जो भाकरीचं गुणगान करतो, तो दुसऱ्याच्या श्रमावर आपली तत्त्वं शिजवतो. म्हणून ज्वारी म्हणजे भाकरीच, हे आधी डोक्यातून काढायला हवं. ज्वारीच्या कण्या कुकरलाही होतात. ताकातल्या कण्या, डाळ घालून मऊ शिजवलेल्या कण्या, कन्नड घरांतला नुच्चू, हे सगळं तांदळाइतक्याच कष्टात होतं. रेशनवर अख्ख्या ज्वारीबरोबर भरडलेल्या कण्याही मिळाल्या, तर अर्ध्या घरांचा आक्षेप मिटेल. उरलेल्या अर्ध्यांसाठी भाकरी करून विकणारे बायकांचे गट उत्तर कर्नाटकात गावोगाव आहेतच. त्यांना रेशनच्या भावाने ज्वारी दिली तर भाकरी स्वस्त होईल आणि बाईच्या श्रमाला दामही मिळेल.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. भात पाहुण्यांचा, भाकरी गरिबाची, असं आपल्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. आज शहरात तीच ज्वारी महाग पाकिटातून ‘मिलेट’ म्हणून विकली जाते आणि ज्यांच्या शिवारात ती पिकायची त्यांना ती परवडत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भारताच्याच प्रस्तावावरून. महोत्सव झाले, बिस्किटं आली. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत त्यातलं किती पडलं, हा प्रश्न कुणी जोरात विचारला नाही.

कायद्याची अडचणही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक रुपया किलो असे तेव्हाचे दर होते, आणि २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. उत्तर कर्नाटकात ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी रेशनवर देण्याचं धोरण राज्य सरकारनेही आखलं आणि काही काळ ज्वारी दुकानांत आली. अडतं ते खरेदीपाशी. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये आहे, मालदांडीचा ३७४९, साध्या भाताचा २३६९. कागदावर ज्वारी वरचढ आहे. पण हमीभाव म्हणजे खरेदीची हमी नव्हे. खरेदी केंद्र वेळेत उघडलं नाही तर शेतकरी व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो, सरकारकडे ज्वारी नसते, आणि मग दुकानात पुन्हा तांदूळच.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण त्यांच्या आतड्यावर दुहेरी मार बसतो. दूषित पाणी, वारंवार जुलाब आणि अपुरं पोषण यांत वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यातले उंचवटे आखूड होतात, खळगे खोल होतात. मूळपेशी झीज भरून काढायला धावत असतात आणि नवं अस्तर पुरतं तयार होण्याआधीच झिजतं. खाल्लेलं अंगी लागत नाही ते यामुळे. कर्नाटकात पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, असं त्याच पाहणीत दिसलं. जुलाबात ओआरएसबरोबर झिंक देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये केली: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. भराभर विभागणाऱ्या पेशींना झिंक लागतंच. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या असतात, आणि नेमकं हेच घरोघरी राहून जातं. मूळपेशींसाठी आज माणसाला खात्रीने काही करता येण्यासारखं असेल, तर त्यात या स्वस्त गोळीचा नंबर फार वरचा आहे. तिचा मेसेज मात्र कुणी फिरवत नाही.

स्वच्छतेबद्दलही खरं बोलायला हवं. झिम्बाब्वे, केनिया आणि बांगलादेशातल्या मोठ्या चाचण्यांमध्ये साधे संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करणं एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने थोडी वाढली. यावरून संडास नकोत असा अर्थ काढणारे काढोत. मी असा काढतो की तुटपुंजी सोय पुरत नाही, घरात नळाने स्वच्छ पाणी यायला हवं, आणि ताट त्याहीआधी भरायला हवं. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांचं नाव अशा संशोधनात आहेही. गर्भधारणेच्या आधीपासून आईला पूरक पोषण दिलं तर बाळावर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या चार देशांतल्या चाचणीत बेळगावच्या ग्रामीण स्त्रिया सहभागी होत्या. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: पोषण मिळालेल्या मातांची बाळं जन्मताना लांबीने सरस होती. ज्या स्त्रियांनी जगाला हे ज्ञान मिळवून दिलं, त्यांच्या गावच्या अंगणवाडीला त्याचा लाभ सगळ्यांत आधी मिळायला हवा होता.

शाळेच्या जेवणात चांगले बदल झालेले आहेत. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्यात सहा दिवस अंडी किंवा केळी-चिक्की मिळण्याची सोय झाली. त्याच वर्षी नाचणीचं माल्टही सुरू झालं. मग भात-सांबाराच्या जोडीला आठवड्यात दोन दिवस डाळ घातलेल्या ज्वारीच्या कण्या का नकोत? मराठी शाळा असो वा कन्नड, मुलाच्या आतड्याला माध्यम नसतं. खानापुरात त्या दिवशी नाचणीची आंबील ठेवा, अथणीत ज्वारी ठेवा, जिथे जे पिकतं ते.

सीमाभागात आपण भाषेसाठी, फलकांसाठी, परिपत्रकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढलो. ती लढाई न्यायाची आहे आणि ती चालूच राहील. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकने विरोध केला आणि दोन्हीकडून निवेदनांचा पाऊस पडला. पण ती योजना माणूस आजारी पडल्यावरची आहे. माणसाच्या पोटात रोज काय जातं, यावर दोन्ही राज्यांना एकत्र जाब विचारणारं निवेदन माझ्या पाहण्यात आलेलं नाही. आपल्या संघटनांकडे माणसं आहेत, चिकाटी आहे, कागदपत्रं करण्याचा दांडगा अनुभव आहे. ही मागणी मराठी आणि कन्नड शेजाऱ्यांनी एकाच कागदावर सह्या करून पुढे रेटता येईल, आणि तिला कुठलाही कलेक्टर भाषिक म्हणून बाजूला सारू शकणार नाही. परिणाम मोजायचा म्हटलं तर बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे, दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एका तालुक्यात वर्षभर ज्वारी-डाळ द्या, शेजारच्यात नेहमीचं रेशन ठेवा, मुलांची उंची, वजन, हिमोग्लोबिन आणि जुलाबाचे दिवस नोंदवा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करता येईल. त्यात तीन गोष्टी असाव्यात: माणशी रेशनमधला निम्मा तांदूळ बदलून तालुक्यात पिकणारं भरडधान्य, त्याबरोबर कण्यांचा पर्याय, आणि किटमधल्या साखरेऐवजी जादा डाळ. शाळूची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची नोंदणी त्याच्या महिनाभर आधी सुरू व्हायला हवी, म्हणजे हे ठराव डिसेंबरच्या ग्रामसभांत मंजूर होऊन तहसीलदारांकडे पोचलेले असले पाहिजेत.